छत्राचा चौथा दांडा

चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, लॅटिनमधून मराठीत आली आणि देवाचं काय म्हणणं आहे ते लोकांना कळू लागलं. अडचणींना सुरुवात तिथूनच झाली. त्याआधी पनवेलच्या त्या लहानशा चर्चमध्ये सगळं सुखात चाललं होतं. फादर वेदीकडे तोंड करून काहीतरी म्हणायचे, मंडळी त्यांच्या पाठीकडे बघत आपापल्या घरचे विचार करायची, घंटा वाजली की गुडघे टेकायची आणि पुन्हा वाजली की उठायची. इनास तुस्कानोने तर पहिल्या बाकावर डोळे मिटून बसण्याची अशी कला साधली होती, की त्याचं घोरणंसुद्धा मागच्या बाकांना प्रार्थनेसारखं ऐकू येई.

इनास मूळचा वसईकडचा, पण नोकरीमुळे पनवेलचाच झालेला. बंदराजवळच्या एका लाकडाच्या वखारीत तो हेडक्लार्क होता. वखारीत क्लार्क एकच होता, त्यामुळे हेडही तोच. मुलगा मुंबईला कामाला लागला होता आणि घरात इनास आणि त्याची बायको रेजिन अशी दोघंच राहत. रेजिन फारसं बोलत नसे. आपल्या संसारात शांतता आहे ती आपल्या करड्या शिस्तीमुळे, असं इनासचं मत होतं.

तर त्या वर्षी नवे फादर आले. फादर इझिदोर हे भातशेती करणाऱ्या घरातले, हातापायांनी दणकट आणि बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या पाद्रीपासून सावध राहावं हे जुन्या मंडळींना ठाऊक होतं, पण उपवासकाळाच्या आधीच्या रविवारी सगळेच बेसावध सापडले. फादर म्हणाले, आपल्याजवळ जे आहे ते आपलं नाही, ते देवाचं. आपण नुसते कारभारी. इनासने मान डोलावली. वखारीतलं लाकूड आपलं नसून शेटचं आहे, हे त्याला रोजच ऐकावं लागे. फादर पुढे म्हणाले, चांगल्या कारभाऱ्याची ओळख तीन गोष्टींनी पटते, प्रार्थना, सेवा आणि दान. पैकी पहिल्या दोन फुकट आहेत हे इनासच्या लगेच लक्षात आलं, आणि प्रवचन फार सुंदर चाललंय असं त्याला वाटू लागलं.

प्रवचनाच्या शेवटी फादरांनी छत्राचा विषय काढला, आणि इनास बाकावर ताठ बसला.

ईस्टरच्या पहाटे चर्चभोवती मिरवणूक निघे. फादर हातात पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली भाकर, घेऊन चालत आणि त्यांच्या डोक्यावर जरीचं छत्र धरलेलं असे. छत्राला चार दांडे, दांड्याला एकेक मानकरी. तीन मानकरी पिढीजात म्हणावेत इतके जुने होते. चौथा दांडा पेद्रूबाबांचा. ते थकले आणि गोव्याला लेकाकडे गेले, त्यामुळे तो दांडा रिकामा झाला होता. बाहेरच्या माणसाला वाटेल, एका वेताच्या काठीचं एवढं काय? पण इनासचा मेहुणा वसईला आपल्या चर्चमध्ये छत्र धरत असे आणि दर भेटीत, चहाचा पहिला घोट घेतल्याबरोबर, ती गोष्ट काढत असे. गेली कित्येक वर्षं इनास तो चहा आणि ती गोष्ट दोन्ही गिळत आला होता. मेहुण्यासमोर एकदा मान वर करून बसायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

फादर म्हणाले, चौथा दांडा कोणाचा हे मी ठरवणार नाही. उपवासकाळ संपेपर्यंत ज्याचा कारभार चोख दिसेल, त्याचा तो.

त्या दिवसापासून पनवेलमध्ये भक्तीला जो ऊत आला तो पाहून देवही चकित झाला असेल. इनासने संध्याकाळची रोझरीची माळ घराच्या आतल्या खोलीतून ओट्यावर आणली, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यांचाही फायदा व्हावा. बेकरीवाला दुमिंग फर्नांडिस, ज्याचा डोळा त्याच दांड्यावर होता, त्याने भट्टीपाशी उभं राहून स्तोत्रं गायला सुरुवात केली. त्याचा आवाज मोठा होता आणि देवाकडे जाताना तो इनासच्या ओट्यावरून जाई. मग इनासने आवाज वाढवला. दोघांच्या मधल्या घरांतले लोक दिवेलागणीला खिडक्या लावून घेऊ लागले.

शेजारचा काशीराम घरत तेवढा खिडकी न लावता ऐकत बसे. काशीराम गव्हाणचा, घरची भातशेती, आणि पनवेलात घर बांधून राहिलेला. एक दिवस त्याने सल्ला दिला, "इनासभाव, देव काय भयरा नाय. हलू बोला, ऐकू येल त्याला." इनासने त्याच्याकडे दयेने पाहिलं. देवाला ऐकू येतं हे त्यालाही माहीत होतं, पण फादरांची खोली जरा लांब होती.

आता राहिलं दान. त्यासाठी फादरांनी प्रत्येक घराला एकेक मडकं वाटलं. मडक्यावर चुन्याने क्रूस काढलेला आणि खाली डांबराने घराचं नाव. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ देवाच्या मडक्यात टाकायची आणि उपवासकाळ संपला की मडकी चर्चमध्ये आणायची. तांदूळ तेव्हा सोन्याच्या मोलाचा होता. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात रांगा लागत, आणि रांगेच्या शेवटी जो मिळे त्याला तांदूळ म्हणायला मन मोठं लागे. लाल, जाडा, आणि त्यात खडे असे की निवडायला बसलेल्या बाईला खड्यांतून तांदूळ वेचणं सोपं वाटावं.

सर्क्युलर कसं वाचावं हे हेडक्लार्कला शिकवावं लागत नाही. मूठ म्हणजे कोणाची मूठ, हे फादरांनी सांगितलेलं नव्हतं, म्हणून इनासने रेजिनची मूठ धरावी असं ठरवलं. ती आवळून दाखव म्हणाला. नीट आवळलेल्या मुठीत तांदूळ फारसा मावत नाही हे पाहून त्याला समाधान वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही.

त्यानंतर तांदूळ कुठला, हा प्रश्न आला. घरात डबे दोन होते. एकात कंट्रोलचा तांदूळ. दुसऱ्यात काशीरामने आपल्या शेतातला दिलेला, बारीक, पांढरा, शिजताना ओळीतल्या तिसऱ्या घरापर्यंत वास जाईल असा. इनासने दोन्ही डब्यांवर बोट ठेवून रेजिनला समजावलं. हा कंट्रोलचा, तो देवाचा. हा काशीरामचा, तो आपला.

"देवाला हा?" रेजिनने विचारलं.

"देव काही जेवत नाही," इनास म्हणाला. "त्याला भाव लागतो."

रेजिन "बरं" म्हणाली. इनासला 'बरं' हा शब्द फार आवडे.

मडकी एकदा भरली की मुंबईच्या कुठल्याशा अनाथाश्रमात जाणार, असा सगळ्यांचा समज होता आणि मुंबईचे अनाथ पनवेलला येऊन चौकशी करणार नव्हते. त्यामुळे घरोघरी इनाससारखाच विचार झाला. सडका नारळ देवाला, ही म्हण हिंदूंनी केली म्हणून काय झालं? तिचा लाभ सर्वांनाच खुला आहे.

उपवासकाळ सुरू झाला, आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना इनासच्या दाताखाली खडा आला. त्याने ताटात पाहिलं. भात लाल, जाडा आणि चिकट होता. इनासला तांदूळ ताटात पडल्यावरच ओळखू यायचा, डब्यातल्याशी त्याचा परिचय नव्हता. पण हा भात आणि काशीरामने फुशारकीने सांगितलेला तो वास, यांचा काही मेळ बसेना.

"हा काशीरामचाच ना?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तसंच करतेय," रेजिन म्हणाली, आणि आमटी वाढली.

म्हणजे काशीरामने फसवलं तर! वरच्या थरात चांगला आणि खाली हा असा. इनासला मोठा धक्का बसला, पण त्याने तो ख्रिस्ती माणसाला शोभेल अशा रीतीने सोसला, म्हणजे काशीरामशी बोलणं बंद केलं. काशीराम ओट्यावरून हाक मारी, इनास आकाशाकडे बघे. शिवाय संध्याकाळच्या रोझरीत त्याने एक खास प्रार्थना घातली. शेजारधर्म विसरलेल्या माणसांना सद्बुद्धी दे, अशी ती प्रार्थना असे आणि ती म्हणताना इनासचं तोंड काशीरामच्या खिडकीकडे असे. काशीराम बिचारा तिकडून हात जोडी. आपल्या मित्राने आपल्यासाठी काही मागितलं असावं, असं त्याला वाटे.

रोज खडे चावता चावता उपवासकाळ निम्मा सरला. इनासला आता जेवण म्हणजे शिक्षा झाली होती. घास घेण्याआधी तो मनापासून देवाचं नाव घेई, आणि घास गिळल्यावर खडा आला नाही म्हणून पुन्हा घेई. इतकी कळकळीची प्रार्थना त्याने ओट्यावर कधी केली नव्हती, पण ती ऐकायला कोणी नव्हतं याचं त्याला वाईट वाटे. शेवटी एके दुपारी कडकन आवाज झाला आणि पुढच्या दातांशेजारचा एक दात अर्धा तुटून हातात आला. वखारीत सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने लवंगेचं तेल सुचवलं, दुसऱ्याने उरलेला अर्धाही पाडून टाक म्हटलं, आणि शेटनी हसताना तोंड मिटून हस असा सल्ला दिला. इनासने हसणंच सोडलं. चर्चमध्ये त्याचे मिटलेले ओठ आणि ओढलेला चेहरा पाहून फादर एकदा म्हणाले, उपवास कसा करावा हे तुस्कानोंकडून शिकावं. दुमिंग फर्नांडिसचा चेहरा उतरला, आणि इनासला दात सार्थकी लागल्यासारखा वाटला.

प्रार्थना झाली, दान चालू होतं, सेवेची जागा तेवढी रिकामी होती. ती भरून काढायची संधी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चालून आली. आपट्याला तेव्हा रेल्वेचं काम चाललं होतं आणि तिथे फिटर, गवंडी अशी थोडी ख्रिस्ती कुटुंबं राहत होती. त्यांची मडकी आणायला कोण जाईल, असं फादरांनी विचारताच इनास उभा राहिला. दुमिंगही उठत होता, पण त्याचा कोट बाकाच्या खिळ्यात अडकला. देव कोणाच्या बाजूला आहे हे इनासला दिसून आलं.

त्याच दिवशी फादरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा तांदूळ कुठेही जाणार नाही. ईस्टरच्या दिवशी चर्चच्या अंगणात तो शिजेल, आणि गावाबाहेरच्या वीटभट्टीवर राबणारी माणसं आणि आपण सगळे एका पंगतीत बसून तो जेवू. चर्चमध्ये जी शांतता पसरली ती लॅटिनच्या काळातही कधी पसरली नव्हती. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या मडक्यात डोकावत होता. मग हळूहळू सगळ्यांना एकच दिलासा सुचला, की तांदूळ एकत्र मिसळला म्हणजे कोणाचा कुठला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. इनासही तोच दिलासा घेऊन सोमवारी आपट्याच्या एस.टी.त बसला.

आपट्याला सगळं सुरळीत झालं. मडकी फुटतील म्हणून इनासने तांदूळ एका पोत्यात ओतून घेतला. चूक झाली ती पुढे. पोतं टपावर टाकलं तर त्याचं वेगळं तिकीट पडलं असतं, आणि देवाच्या कामात उधळपट्टी नको, म्हणून इनासने ते सीटखाली ढकललं आणि वर आपला कोट पसरला. जाडजूड पोत्याला कोट घातला की ते पोतं दिसत नाही, असं त्याला वाटलं. वाटेत नाक्यावर पुरवठ्याचा इन्स्पेक्टर गाडीत चढला. परवान्याशिवाय तांदूळ कोणी किती न्यावा याला तेव्हा मर्यादा होती, आणि कोट घातलेली पोती हीच त्या माणसाची रोजीरोटी होती.

"हे कोणाचं?"

"देवाचं," इनास म्हणाला.

"देवाचं रेशनकार्ड आहे?"

गाडी हसली. इनासने आपण हेडक्लार्क असल्याचं सांगितलं, तेव्हा गाडी जास्त हसली. मागच्या सीटवरच्या एकाने सल्ला दिला की सरळ कबूल करून टाका, कमी लागतं. दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या मावसभावाने असाच नवसाचा तांदूळ म्हणून सांगितलं होतं आणि तो अजून तारखांना जातोय. पनवेलला उतरल्यावर इनासची आणि पोत्याची वरात कचेरीत गेली. वाटेत वखारीचे शेट दिसले. इनासने नमस्कार केला, शेटनी ओळख दाखवली नाही.

कचेरीतला कारकून कामाला चोख होता. मालकाचं नाव काय, असं त्याने विचारलं. इनासने तेच नाव सांगितलं. कारकुनाने पत्ता विचारला. इनास चिडून म्हणाला, "सर्वत्र." कारकुनाने शांतपणे लिहिलं, मालकाचा ठावठिकाणा लागत नाही. एका क्लार्कने दुसऱ्या क्लार्कला असं नमवावं याचं इनासला अटकेपेक्षा जास्त दुःख झालं. फादरांना निरोप पाठवला, तर ते मरणाला टेकलेल्या कोणाला तरी अखेरचा अभ्यंग द्यायला दूर गावी गेलेले. ओळखीचा जामीन आणा, नाहीतर बसा, असं त्याला सांगण्यात आलं. इनास बाकावर बसला. समोरच पोतं होतं, त्यावर कचेरीतलं मांजर येऊन झोपलं.

आणि जामीन द्यायला आला तो काशीराम. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, बाजारात बातमी ऐकून तो तसाच उठून आला होता. त्याने इन्स्पेक्टरला स्वच्छ सांगितलं, "हा मानूस तांदूल चोरनारा नाय, साहेब. याला तांदलातला काय कलतच नाय." हे ऐकून इन्स्पेक्टरची खात्री पटली. मडकी, क्रूस, फादर अशी सगळी हकिकत काशीरामनेच सांगितली. फादरांची चिठ्ठी आली की पोतं सोडायचं ठरलं, आणि इनास सुटला. ज्याच्यासाठी आपण रोज सद्बुद्धी मागतो त्याने आपल्याला सोडवावं, हा अपमान त्याला गिळवेना. तो काशीरामला एवढंच म्हणाला की देव तुझं भलं करो, पण ते अशा सुरात म्हणाला की ऐकणाऱ्याला शंका यावी.

पवित्र आठवडा चालू होता. पोतं चिठ्ठीनिशी चर्चमध्ये पोहोचलं आणि मांजराचे केस झटकून ठेवण्यात आलं. शनिवारी सकाळी घरोघरची मडकी अंगणात जमली. तोंडाला फडकी बांधलेली, पोटावर क्रूस, अशी ती रांगेत मांडलेली मडकी पाहून परक्या माणसालाही भक्ती उपजली असती. रेजिनने आपलं मडकं स्वतः आणून ठेवलं. इनासने ते उघडूनही पाहिलं नाही. त्यात काय आहे हे त्याला सांगायला कोण हवं होतं? कोपऱ्यात एक मोठं पिंप होतं. सगळं त्यात ओतलं की सुटलो, असं प्रत्येक जण म्हणत होता.

पण रांधायला फादरांनी बोलावलं होतं काशीरामच्या बायकोला, हौसाला. गव्हाणपासून पनवेलपर्यंत लग्नाचा भात हौसाचाच असे. तिने आपट्याच्या पोत्यात हात घातला, तांदूळ बोटांवर घोळवला आणि मान हलवली. "फादर, यो येका टोपान शिजवला त आर्दा चिकल व्हल न आर्दा दातान वाजल. आदी सगला येगला काडूंदे." मग तिने चादरी अंथरायला सांगितल्या आणि म्हणाली, एकेक मडकं वेगळं ओता.

 इनास पुढे झाला आणि म्हणाला, इतका त्रास कशाला, मी माझं पिंपातच ओततो. त्याने आपलं मडकं छातीशी धरलं आणि पिंपाकडे चालू लागला. हौसाने वाटेत उभं राहून ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि रांगेत शेवटी ठेवलं.

पहिलं मडकं दुमिंग फर्नांडिसचं. त्यातून तांदळापेक्षा कोंडा जास्त पडला, आणि पोरक्यांनी पळून जावं तसे पोरकिडे चहूकडे पळाले. दुमिंग म्हणाला की बेकरीत सगळ्याच गोष्टींना कोंडा लागतो. दुसऱ्या मडक्यातून तुकडा कणी निघाली, तिसऱ्यातून बुरशी. जुन्या तीन मानकऱ्यांपैकी एकाचं मडकं ओतलं तर त्यात वर चार बोटं तांदूळ आणि खाली राख होती; म्हणाला, कीड लागू नये म्हणून घातली. कोणी कोणाकडे बघेना. अंगणात फक्त खड्यांचा आवाज होत होता आणि फादर हात मागे बांधून पाहत होते. त्यांचा चेहरा पाहून इनासला प्रथमच कळलं की हा माणूस बोलायला गोड असला तरी भातशेतीत वाढला आहे.

शेवटचं मडकं उरलं. इनासने डोळे मिटले. मेहुण्याचा चहा त्याला मिटल्या डोळ्यांसमोर दिसला. या जन्मी आता तो चहा संपत नाही, असं त्याच्या मनात आलं. फडकं सुटल्याचं त्याला ऐकू आलं, मग तांदूळ पडल्याचा आवाज, आणि त्यात खडा एकही वाजला नाही.

त्याने डोळे उघडले. चादरीवर पांढऱ्याशुभ्र, बारीक तांदळाची रास होती. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. वास त्याच्यापर्यंत आला.

काशीराम चूल रचायला म्हणून आलेला, त्याने वाकून चार दाणे उचलले. "यो त माजा तांदूल," तो म्हणाला. "इनासभाव, मी तुमाला खायाला दिलेला, तुमी सगला देवालाच दिलात?"

सगळं अंगण इनासकडे बघत होतं. त्याला एका क्षणात सगळा हिशेब लागला. डबे, ताट, खडे आणि दात, सगळंच. आपण उपवासकाळभर जे खाल्लं ते देवासाठी काढलेलं होतं, आणि काशीरामने आपल्याला कधीच फसवलं नव्हतं. त्याने रेजिनकडे पाहिलं. ती मडक्याला चिकटलेले दाणे बोटाने काढण्यात गढली होती. फादरांनी इनासच्या खांद्यावर हात ठेवला आणि दांडा कोणाचा ते वेगळं सांगायची गरजच उरली नाही. दुमिंगने स्वतः येऊन हात मिळवला.

घरी जाताना वडाळे तळ्याच्या काठाने दोघं चालली होती.  इनासने विचारलं, "मी सांगितलं होतं ते तुला समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं की," रेजिन म्हणाली. "हा देवाचा, हा आपला. मी फक्त डबे बदलले. तुम्हाला ओळखू आलं नाही, तेव्हा म्हटलं, आपल्याला चालतो हा तांदूळ."

"आणि माझा दात?"

"त्याचं मला खरंच वाईट वाटलं," ती म्हणाली. "रोज निवडून घेत होते. तो एक मोठा राहिला."

तिच्यावर ओरडावं असं इनासला वाटलं. पण ओरडायचं म्हणजे काय ओरडायचं, ते वाक्य त्याला जुळवता येईना. तू मला देवापुढे खरा केलंस, असं तर ओरडता येत नाही. त्याला लाज वाटत होती आणि ती तुटक्या दातापेक्षा जास्त ठणकत होती.

दुपारी तो पापनिवेदनाला गेला. जाळीपलीकडे फादर होते. इनासने सगळं सांगितलं. मूठ आवळायला लावली ती, डबे, काशीरामच्या नावाने केलेली रोझरी. दांडा दुमिंगला द्या, असंही म्हणाला.  फादर खोकत होते, निदान इनासने तरी तो खोकलाच असावा असं धरलं.

"प्रायश्चित्त देतो," फादर शेवटी म्हणाले. "उद्या दांडा तूच धरायचा. लोक स्तुती करतील, ती गप्प उभं राहून ऐकायची. नाही म्हणायचं नाही, मान खाली घालायची नाही. आणि काशीरामकडे आजच जा."

याहून कडक प्रायश्चित्त पनवेलमध्ये आजवर कोणाला झालं नसेल. काशीरामकडे जाणं त्या मानाने सोपं गेलं. इनासने ओट्यावर उभं राहून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. काशीरामने आधी काहीच न समजल्यासारखं पाहिलं, मग तो जो हसत सुटला तो हौसा बाहेर येईपर्यंत थांबला नाही. ती रोजची प्रार्थना आपल्यासाठी होती, एवढं तरी खरं ना, असं त्याने विचारलं. इनास म्हणाला, ती मला लागू पडली.

ईस्टरच्या पहाटे छत्र निघालं. चौथा दांडा इनासच्या हातात होता. बाकीचे मानकरी उंच असल्याने त्याला हात डोक्यावर ताणून चालावं लागलं आणि खांदे भरून आले. वाटेच्या दोन्ही बाजूंनी लोक कुजबुजत होते, हाच तो, स्वतः खडे खाल्ले आणि देवाला बासमती दिला म्हणे. एवढ्यात तांदळाची जातही बदलली होती. वसईहून मेहुणा आला होता, त्याने टोपी काढून मान लववली. ज्या क्षणासाठी इनासने इतकी वर्षं चहा गिळला तो क्षण आला, आणि त्याला मेहुण्याकडे बघवेना. पण मान खाली घालायची नव्हती. तो समोर बघत, ओठ घट्ट मिटून चालत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भक्ती पाहून म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

दुपारी अंगणात पंगत बसली. हौसाने भात वेगवेगळ्या टोपांत शिजवला होता. काशीरामच्या शेतातला भात फादरांनी स्वतः वीटभट्टीवरच्या माणसांना आणि त्यांच्या पोरांना वाढला. बाकीच्या टोपांतला, निवडून, धुऊन, जमेल तितका माणसांत आणलेला भात चर्चच्या मंडळींच्या पानांवर पडला. ज्याने जे दिलं होतं ते त्याच्यापुढे आलं होतं, आणि त्याबद्दल तक्रार करायला कोणाला तोंड नव्हतं. मेहुण्याने एक घास घेतला आणि पाणी मागितलं.

मानकरी म्हणून इनास पंगतीच्या डोक्यावर बसला होता. त्याच्या पानात लाल, जाडा भात पडला. त्याने देवाचं नाव घेतलं, घास डाव्या बाजूला, शाबूत दातांकडे सरकवला, आणि जपून चावू लागला. कट् असा बारीकसा आवाज झाला. समोरच्या ओळीत वाढणारी रेजिन हातात पळी घेऊन थांबली.

फादर इझिदोर नेमके त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. सगळी पंगत ऐकत होती.

"काय तुस्कानो, भात कसा झालाय?"

इनासने घास गिळला, रेजिनकडे पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी प्रथमच तुटक्या दातासकट हसला.

"अगदी घरच्यासारखा, फादर," तो म्हणाला.